मलकापूरच्या वाटेवरचा बिघाड

चढ संपता संपता मोटारीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. पुन्हा त्याच वाडीपाशी, त्याच चिंचेसमोर.

"पाचवी खेप ही!" मागच्या बैठकीवरून बाळासो इनामदार कडाडले. "मौला, आज बिघाड सापडला तर ठीक. नाहीतर गाडी मोडीत आणि हा पिराजी घरी. रस्त्यात माझा तमाशा झालेला मला चालायचा नाही."

ते उतरले, चिंचेच्या सावलीत गेले आणि पानाची चंची सोडून बसले. पिराजी ड्रायव्हरनं मान खाली घातली.

मौला मिस्त्रीनं बाह्या वर सारल्या. तो मूळचा बंदुका दुरुस्त करणारा. शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात मोटारी आल्या, तसा तो मोटारींकडं वळला. बंदूक काय नि मोटार काय, सगळा खेळ ठिणगीचा, असं त्याचं म्हणणं. त्याचा एक नेम होता. बिघाड सापडला की सापडला म्हणायचं, नाही सापडला की नाही. थाप मारून त्यानं कधी वेळ मारून नेली नव्हती. म्हणून तर इनामदारांसारखा तिरसट माणूस त्याचा शब्द मानायचा.

पण ह्या अकरा वर्षांच्या गाडीनं त्याला तीन महिने झुलवलं होतं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो त्यानं उघडून पुसला. प्लग बदलले, प्लगच्या तारा बदलल्या. रंकाळ्याभोवती फेऱ्या मारल्या, पन्हाळ्याचा घाट चढवला. गाडी कुरकुरलीसुद्धा नाही. मलकापूरच्या वाटेला लागली की मात्र इथं येऊन बसकण मारायची. म्हणून आज तो स्वतः बरोबर आला होता.

त्यानं एक प्लग काढून लोखंडावर टेकवला आणि पिराजीला हँडल मारायला सांगितलं. टपोरी निळी ठिणगी पडली. मौला चक्रावला. बंद पडलेल्या गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

"पानी आनतो," म्हणून पिराजी रस्त्याकडेच्या घराकडं गेला आणि अंगणाबाहेरच उभा राहिला. घरातून एक पोरगी वर तांब्या ठेवलेली भरली घागर पोटाशी धरून आली. दोघं हळूहळू बोलत गाडीपर्यंत आली. मोटार बंद पडलेली असताना माणूस इतका सावकाश कसा चालतो, असं मौलाच्या मनात आलं.

पिराजीनं रेडिएटरचं झाकण काढलं आणि घागर कलती केली. पाणी आत गेलंच नाही. सगळं वाहून रस्त्यावर आलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता, तरी पिराजी बारीक धारेनं ओततच राहिला.

चैताचं ऊन होतं. पिराजीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पोरीनं घागरीतलं उरलेलं पाणी तांब्यात घेऊन त्याच्यापुढं धरलं. त्यानं मान हलवली आणि तो तांब्याही रेडिएटरवरच रिता केला.

मौलाचा हात थबकला. घर कुणब्याचं होतं आणि पिराजीही कुणबी. तहानेनं जीव जात असताना आपल्याच जातभाईचं पाणी माणूस का नाकारील? एकाच घरचं नाकारतो. लेकीच्या सासरचं. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत बाप तिथल्या पाण्याला शिवत नाही.

तो ड्रायव्हरच्या बैठकीपाशी आडवा झाला आणि गाडी बंद करायच्या स्विचची, आजवर कधी न तपासलेली तार त्यानं धुंडाळली. गुडघ्याच्या उंचीवर, बोटभर जागेत, तांबं लखलखत होतं. घासून उघडी पडलेली तार मळकट असते. ही चाकूनं सोललेली होती. गुडघ्यानं दाबून लोखंडाला टेकवली की ठिणगी मेली, सोडली की जिवंत.

मौलाचं डोकं तापलं. तीन महिने ह्या माणसानं त्याला येड्यात काढलं होतं.

"लेक व्हय रं तुझी?" पोरगी घराकडं वळल्यावर त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

पिराजीनं त्याच्या हातातली तार पाहिली आणि तो चाकापाशी खाली बसला. "व्हय. लगीन हून दोन वरसं झाली, एकडाव बी माहेरी धाडली न्हाई. बोलावण्याबिगर बापानं दारात कसं जायचं? गाडी बंद पडली तरच..." त्यानं हात जोडले. "सांगा सरकारास्नी. माजी काय तक्रार न्हाई."

मौलानं चिंधी फाडली, तारेवर घट्ट गुंडाळली आणि तार जागच्या जागी बसवली. पिराजी बघत राहिला.

"सापडलं का?" इनामदार येऊन उभे राहिले.

मौलानं हात पुसले. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसत राहिला.

"सापडलं, सरकार. गाडी म्हातारी झालीया. ह्यो चढ चढून आली की तापती आन् ठिणगी मरती. हितं पाव तास थांबवून पानी पाजायलाच पायजे. न्हाईतर फुडं घाटात घोटाळा हुईल."

जन्मातली पहिली थाप. जीभ अडखळली कशी नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"दर खेपेला थांबायचं?"

"दर खेपेला."

इनामदारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण शब्द मौलाचा होता. "आणि हे असं किती दिवस चालायचं?"

मौलानं घराकडं पाहिलं. पोरगी घागर खाली ठेवून कमरेवर हात देऊन उंबऱ्यात उभी होती. आता कुठं त्याच्या ध्यानात आलं. पाचवा महिना असावा. आणि सातवा लागला की पहिल्या बाळंतपणाला सुनेला माहेरी धाडायचं नाही, असं कुठल्याच सासूला म्हणता येत नाही.

"दोन महिनं, सरकार," तो म्हणाला. "मग ही आपसूक दुरुस्त हुईल."