मापाला माणूस

शिवशंकर अण्णांनी अजिनाथला ओळखलं नाही. अजिनाथनं मात्र गाडीतून उतरायच्या आधीच ओळखलं होतं. तोच पांढरा शर्ट, पांढरी पँट, तोच गॉगल. पोट तेवढं वाढलेलं.

चिकलठाण्याच्या पुढं, विमानतळ मागं टाकला की हा माळ. देशभराच्या नकाशाचं काम चालू होतं. कुठं जंगल, कुठं पाणथळ, कुठं गवताळ माळ, कुठं नुसतंच पडीक, ते ठरवायचं. सॅटेलाइटला हा तुकडा गवताळ दिसला होता. खरं-खोटं जागेवर बघायला अजिनाथ आणि संध्या आले होते.

"पडीक लिव्हा अन् मोकळं व्हा," अण्णा म्हणाले. रस्त्याकडची पट्टी त्यांनी कालच जेसीबीनं खरडून घेतली होती. "हितं काय उगवत नाय. प्लॉट पाडायचेत मला. गवताळ लिव्हलं की सगळं अडकतं, वकील म्हणतो."

"बरोबर म्हणतो वकील," अजिनाथ म्हणाला. "चला, जरा आत जाऊ. फोटो लागतो. मापाला कायतरी उभं करावं लागतं."

"मापाची काठी गाडीतच आहे, आणते," संध्या म्हणाली.

"राहू दे. माणूस चालतो. अण्णा, तुम्हीच या की."

संध्यानं त्याच्याकडं बघितलं. काठीशिवाय तो कधीच फोटो काढत नव्हता.

अण्णा खुलले. केसांवरून हात फिरवला. "चेहरा येईल ना?"

"पूर्ण येईल. खरडलेल्यात नका थांबू, मागं सरका. अजून. अजून थोडं. हां!"

अण्णा मागं मागं सरकत गवतात शिरले. कुसळं पँटीला चिकटत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. वाढदिवसाच्या बॅनरवर जोडतात तसे त्यांनी हात जोडले.

"हसा की अण्णा."

हसले. अजिनाथनं टॅबवर फोटो काढला, मग एक स्वतःच्या मोबाइलवर. टॅबवर 'गवताळ माळ' दाबलं. पाठवून दिलं.

"झालं? लिव्हलं पडीक?"

"गवताळ."

"डोकं फिरलं का बे? कोण म्हणतं गवताळ?"

"तुम्हीच. कमरेइतक्या गवतात उभे हायत तुम्ही. आता फिरवा जेसीबी, किती फिरवायचा तेवढा. फोटोवर जागा हाय, तारीख हाय, तुमचं हसू हाय."

अण्णांनी खाली बघितलं. गॉगल काढला. "कुणाचा रे तू?"

"पुतळाबाईचा. हितंच आमची वाघूर होती, मेंढरं कोंडायची जाळी. तुम्ही पेटवली. कोकरं आत होती." त्याचा आवाज चढला नाही. "उरलेली मेंढरं आईनं विकली. आता कंपनीत झाडू मारती."

"अरे, ते जुनं झालं..."

"तुम्हाला झालं असंल."

"अजिनाथ, चल यार," संध्या हळूच म्हणाली. "काम झालं ना आपलं."

"थांब. अर्धंच झालंय."

त्यानं मोबाइलवरचा फोटो आईला पाठवला. ह्या माणसाला आपल्या पोरानं कसं उभं केलं, ते तिनं बघावं. एवढ्यासाठीच तर हा तुकडा त्यानं ऑफिसात भांडून मागून घेतला होता.

अण्णा गवतातनं बाहेर यायला लागले. तेवढ्यात आईचा व्हॉइस मेसेज आला. अजिनाथनं आवाज फुल केला आणि मोबाइल अण्णांच्या तोंडासमोर धरला. शिव्या येतील, त्या त्यांनी नीट ऐकाव्यात म्हणून.

आधी कंपनीतला खडखडाट. मग आई.

"आरं, मारवेल गवत केवढं माजलंय रं! मेंढरू तोंड वर काढायचं नाय त्याच्यातनं." झाडू टेकवल्याचा आवाज. "अन् मधी कोण उभं हाय ते? सार की त्याला बाजूला. गवत दिसंना."