कोंबडीमार्फत

वादळ सकाळी किनाऱ्यावर आदळलं आणि दुपारी खाडीचं पाणी घरांत शिरलं. धाकटी जाऊ अनसूया कोंबडी कवटाळून होडीत बसली, पण शेजारच्या घरातल्या थोरल्या जाऊबाई माळ्यावरून हलेनात.

बांधावरच्या फणसावरून भांडण होऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघी एकमेकींशी कोंबडीमार्फतच बोलत. तो फणस आज उन्मळून पडला होता.

"काकू, भरती चढतेय. अर्ध्या तासात माळाही बुडेल," होडीवाला म्हणाला.

"कोंबडे, माळ्यावर सांग, शाळेत गरम पेज मिळतेय," अनसूयाने आवाज चढवला.

"कोंबडीच्या निमंत्रणाला मी जात नाही," माळ्याच्या खिडकीतून उत्तर आलं.

अनसूया नवी नवरी होती तेव्हा याच बाईने तिला खाडीत पोहायला शिकवलं होतं. ती गटांगळ्या खायची आणि ही काठावर हसत उभी राहायची, पण हात मात्र पुढे केलेला असायचा.

पाणी खिडकीला टेकायला हातभर उरलं. अनसूयाने कोंबडी खाली ठेवली.

"अक्का, या ना हो. मला एकटीला भीती वाटते."

खिडकीतून आधी गाठोडं आलं, मग अक्का. गाठोडं कालपासूनच बांधलेलं दिसत होतं. त्यातून त्यांनी त्याच फणसाची पोळी काढली आणि अर्धी तिच्या हातात ठेवली.

अनसूयाने घास घेतला. "साखर अंमळ जास्त पडलीय, अक्का."

अक्का कोंबडीकडे वळल्या. "आता तू गप्प बसलीस तरी चालेल."