कपाळावरची माती

सुईण ओतोराला घेऊन गेन्सुके धावत हमरस्त्यापर्यंत आला, तोच शोगुनच्या हुकमाने त्याच्या राजधानीला, एदोला निघालेल्या सरदाराची स्वारी आडवी आली. पलीकडच्या घरात त्याची पहिलटकरीण बायको कळा सोसत होती. रस्त्याकडेला रांगेने सगळ्यांनी कपाळं मातीला टेकवली. स्वारी ओलांडणाऱ्याचं मुंडकं उडे; मोकळीक फक्त सुईणीला! ओतोरा भालेकऱ्यांमधून तडक घुसली. मागोमाग गेन्सुके उठला. “तू कुठे रे? बाळंतपण तुझं आहे का?” शिपाई गरजला. बिचारा पुन्हा वाकला. भाले गेले, घोडे गेले, पेटारे गेले, स्वारी संपेचना. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. ओतोरा ओरडली, “मुलगी झाली रे! दोघी खुशाल!” मान वर न करताच रांग कुजबुजली, “लेक झाल्याचं लाल भाताचं जेवण कधी, गेन्सुके?” शेवटचा शिपाई जाताच तो धावत सुटला. ओतोरा म्हणाली, “आधी कपाळ पूस!” त्याने आधी लेक उचलली.