उलट्या चित्रातली रांग

आम्ही नणंद-भावजय जुन्या मासिकांतल्या चित्रांच्या नकला हातानं रंगवतो. मूळ चित्र उलटं टांगायचं, कॅनव्हासही उलटा. म्हणजे चेहरे चेहरे वाटत नाहीत आणि हात पदरचं काही घालत नाही.

या खेपेचं चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं होतं. निवाऱ्याच्या बंद दारापुढं, बर्फात उभी गरिबांची रांग.

वहिनीची नक्कल वाळल्यावर मी सुलटी केली. शेवटच्या म्हाताऱ्यामागं वहिनी उभी होती, रंगानं माखलेल्या ॲप्रनसकट.

"वहिनी, हे काय?"

"होतं तसंच काढलंय. उगाच डोकं खाऊ नकोस."

मी मूळ चित्र सुलटं केलं. त्यातही वहिनी होती. तिच्यामागं एका माणसापुरती जागा सोडलेली होती.

मी चित्र पुन्हा उलटं टांगलं, ब्रश उचलला.

पायाखाली बर्फ करकरला.