परवा आलेल्या बाई

"परवा आल्या तेव्हा त्या कशा दिसत होत्या?" बाईंनी विचारले.

दिगंबररावांच्या हातात खळीचा ब्रश तसाच राहिला. बाई चाळिशीच्या असाव्यात. सकाळी हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवर उतरून त्या थेट अफझलगंजच्या या गल्लीत, पुस्तकबांधणीच्या दुकानात आल्या होत्या. खांद्यावरची बॅगही त्यांनी अजून उतरवली नव्हती.

"कोण, बाई?"

"माझी आई."

त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर दिगंबररावांचेच हात होते. हातात जाड पुठ्ठ्याची, तांबड्या कापडात बांधलेली वही होती. पहिल्या पानावर पेन्सिलीने वाकडेतिकडे लिहिलेले होते : त्रिवेणी अप्पाराव, दुसरी ब.

"हे अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या. "आई घर सोडून गेली, तेव्हा माझी शुद्धलेखनाची वही घेऊन गेली. सात वर्षांची होते मी. आठवड्यानं गोदावरीच्या काठी तिच्या चपला सापडल्या. वडिलांनी तेरावं उरकलं. मी मात्र कधी मानलं नाही. बत्तीस वर्षं शोधतेय. आणि आता तुम्ही म्हणता, परवा येऊन गेल्या."

दिगंबररावांनी सुनेकडे, हर्षदाकडे पाहिले.

चॅनेलची कल्पना हर्षदाची. लग्न होऊन ती सांगलीहून आली त्याला सहा महिने झाले होते. वाचनालयाची कामे बंद पडली होती, वकिलांची तर कधीच गेली होती. ती म्हणाली, "बाबा, व्हिडिओ टाकू. तुमचा चेहरा नको, फक्त हात." चेहरा नको म्हटल्यावर दिगंबरराव तयार झाले. चार लोकांत तोंड उघडायची त्यांना आयुष्यभर धास्ती. आपण बोलू ते चुकेल, असेच त्यांना वाटायचे.

पहिले सात व्हिडिओ पन्नास माणसांनीसुद्धा पाहिले नाहीत. मग हर्षदाने सगळे नव्याने मांडले. चॅनेलचे नाव बदलले. वर्णनात दुकानाचा पत्ता घातला. "शोधणाऱ्याला आपण सापडलो पाहिजे, बाबा. सगळं गणित तेवढंच आहे. आणि पहिल्या दहा सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. काहीतरी गोष्ट सांगा ना."

त्यांनी कुणी न नेलेल्या पुस्तकांच्या फळीवरून ही वही काढली. शाळेच्या वहीला कापडी बांधणी कोण करून घेतं? म्हणून ती त्यांच्या लक्षात राहिली होती. ते म्हणाले, "ही वही परवा एक बाई देऊन गेल्या. अजून न्यायला आल्या नाहीत." हर्षदाने व्हिडिओला नाव दिले, 'परवा आलेल्या बाई'. आठवड्यात अडतीस हजार लोकांनी तो पाहिला.

"ती इथंच कुठं राहते का?" त्रिवेणीबाईंनी विचारले. "तेवढंच सांगा. बाकी मी शोधते."

"बाबा, परवा म्हणजे त्याच आठवड्यात ना?" हर्षदाने हळूच विचारले. "आपण शूटिंग केलं त्याच्या आदल्या..."

"परवा म्हणजे परवा," दिगंबरराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले.

अफझलगंजात त्यांचे सगळे आयुष्य गेले होते. इथे कालच्या अलीकडे आज, आणि कालच्या पलीकडे सगळे परवा. दुकानाचे पत्रे बदलले ते परवा. वडील गेले तेही परवा. शेजारचा घड्याळवाला हिम्मतराव तसेच बोलतो, समोरचा चहावालाही परसों म्हणतो तो तसाच. त्यात चूक काही असेल, असे एकाहत्तर वर्षांत त्यांच्या मनात आले नव्हते.

"बसा, बाई."

"बसायला नाही आले मी."

"आमच्या हैदराबादेत परवा म्हणजे..." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मागं कधीतरी, असं. त्या बाई येऊन गेल्या त्याला तीसेक वर्षं झाली असतील. पुन्हा आल्याच नाहीत."

त्रिवेणीबाई रडल्या नाहीत. त्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, तेव्हा कुठे त्यांची बॅग खांद्यावरून घसरली. हर्षदाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. जन्मभर जपून बोललो, आणि एका शब्दात या बाईची आई परत आणली आणि परत नेली, असे दिगंबररावांना वाटले.

माफी कशी मागावी ते त्यांना कळेना. ते फळीकडे गेले, वही काढली, धोतराच्या टोकाने पुसली आणि त्रिवेणीबाईंच्या मांडीवर ठेवली.

त्रिवेणीबाईंनी एकेक पान उलटले. शेवटी, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात, पिवळी पडलेली चिठ्ठी होती. दुकानाची ही रीत दिगंबररावांच्या वडिलांपासूनची. काम घेताना गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायच्या आणि लिहून वहीतच ठेवायच्या : नाव, तारीख, नेणारा. देणारा एक आणि नेणारा दुसरा, असे नेहमीच व्हायचे.

त्रिवेणीबाईंनी चिठ्ठी उजेडाकडे धरली.

"नाव, भामा," त्या वाचू लागल्या. नाव आईचेच होते, आडनाव नव्हते. "तारीख, चौदा ऑगस्ट त्र्याण्णव." त्या थांबल्या. "चपला तर जूनमध्येच सापडल्या होत्या."

तिसरी ओळ त्यांनी मनातच वाचली, मग चिठ्ठी दिगंबररावांपुढे धरली. अक्षर त्यांचेच होते, तरुणपणीचे, गिऱ्हाईक सांगेल तसे उतरवून घेतलेले.

नेणारा : मुलगी. मोठी झाली की येईल.