स्क्रूड्रायव्हरची मूठ

मेकॅनिककाकांना कमी ऐकू येतं, हे वर्षभरात काका सोडून सगळ्यांना कळलं होतं. गिऱ्हाइकं गळत होती. "इंजिन टिकटिक करतंय. आज हे थांबलं नाही तर गाडी दुसरीकडे नेणार!" उरलासुरला पिकअपवाला काकांच्या कानाशी ओरडला. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. टोक सरकत सरकत एका जागी थबकलं. "इथंच! टॅपेट सैल आहे." इंजिन बंद करून त्यांनी टॅपेट बेतानं कसला, चालू केल्यावर टिकटिक गेली, पाठोपाठ पिकअपवालाही खुशीत गेला. काकू कुतूहलानं पाहत होत्या. टोक पुसून त्यांनी स्वतःच्या हनुवटीला टेकवलं, मूठ काकांच्या कानामागे धरली. म्हणाल्या, "अहो, कानाचं यंत्र घ्या!" "घेऊ की! वर्षभर नुसते ओठ हलवतेस. असं स्पष्ट बोलायला काय होतं तुला?"