पळसाच्या पानांचा माणूस

मनकर्णाबाई शेवटी हो म्हणाली, तेव्हा तिच्या लेकीनं, विजयमालेनं, हातातला झाडू अंगणात फेकून दिला.

नवरा मेला असं धरायला बारा वर्षं ही बाई नाहीच म्हणत आली होती. नवरा, उकंडराव, मध काढायला रानात गेला तो परतलाच नाही. दरीच्या काठावर पागोटं आणि कुऱ्हाड तेवढी सापडली. कुणी म्हणालं वाघानं नेला, कुणी म्हणालं गोसावी झाला. मनकर्णाबाईनं मात्र कपाळाचं कुंकू पुसलं नाही. दीर रामराव सांगून सांगून थकला.

आता विजयमालेला मालेगावकडचं स्थळ आलं. अठरा वर्षांची पोर म्हणजे गावाच्या लेखी घोडनवरीच. पाहुणे म्हणाले, पोरगी पसंत आहे, पण तिच्या बापाचा एकदा सोक्षमोक्ष लावा. हरवलेला माणूस बारा वर्षांत आला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, की तो मेला असं धरायचं. मनकर्णाबाई एका शब्दात कबूल झाली.

पाहुण्यांनी आणखीही विचारलं होतं, सोयरिकीत सगळेच विचारतात तसं. घराण्यात वेडसर कुणी? महारोग? मनकर्णाबाईनं पदर सावरत नाही म्हटलं आणि गूळपाणी पुढं केलं.

पाहुणे गेल्यावर विजयमालेनं आईला धरलं. "माय, उद्या बा आला अन् त्याले समजलं का आपन त्याले जाळून मोकळे झालो, तर?"

"त्यायले इचारलं असतं, तर त्यायनंबी हेच सांगतलं असतं," आई म्हणाली. "तुयं लगन झालं पायजे."

त्या रात्री पोरीनं भाकरीला हात लावला नाही. तिला बाप हवा होता. लग्नाच्या मांडवात, कन्यादानाला, पागोटं बांधून बसलेला. इतकी वर्षं ती दाराशी पाऊल वाजलं की मान वळवून बघायची, आणि उद्या त्या बघण्यालाही काडी लागणार होती.

उकंडरावासारखा बाप गावात दुसरा नव्हता. शेत भरपूर, पण जीव रानात. उन्हाळाभर माणूस घरात झोपला म्हणून नाही. पण घरची ओढ अशी की संध्याकाळी शेल्यात चारोळ्या आणि टेंभरं बांधून यायचा, बायकोची करवंदं वेगळ्या पानात. एकदा मनकर्णाबाई तापानं पडली, तर पोरीची वेणी त्यानंच घातली आणि पळसाच्या सालीच्या दोरीनं बांधली. गाठ त्याची स्वतःची होती. हिसके दिले तरी सुटायची नाही, आणि एक टोक नेमकं ओढलं की सगळी मोकळी. ती त्यानं लेकीला शिकवली. मनकर्णाबाईनंही शिकायचा प्रयत्न केला, पण तिला काही ती जमली नाही. बापलेक तिला त्यावरून चिडवायचे.

आणि हात तर लोखंडाचा. चुलीतला रसरशीत निखारा बोटांनी उचलून चिलमीवर ठेवायचा. मधमाश्या डसल्या तरी हसायचा. पोरं बघायला जमायची, आणि विजयमाला त्यांच्यात ताठ मानेनं उभी राहायची.

एक गोष्ट मात्र तिला अजून सलत होती. शेवटच्या वर्षी त्यानं तिला मांडीवर घेणं सोडलं. गोठ्यात झोपायचा, पत्रावळीवर वेगळा जेवायचा. ती रडत जवळ गेली की लांबूनच म्हणायचा, "आता मोठी झाली ना तू." आपलं काय चुकलं, हे तिला कधीच कळलं नाही.

मनकर्णाबाईनं नवऱ्यासाठी सोमवार धरले होते. ऊन असो, पाऊस असो, डोंगरावरच्या महादेवाला ती एकटी जायची, फडक्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन. बायका चेष्टा करायच्या, तुझ्या महादेवाला ठेचा पचतो का गं? ती म्हणायची, रानातला देव आहे, त्याला पुरणपोळीचे लाड नाहीत.

विधीच्या दिवशी पळसाची पानं आणायला रामराव गडी धाडणार होता. मनकर्णाबाई म्हणाली, माझ्या नवऱ्याची पानं मीच आणीन. पहाटेच निघाली आणि दुपारी डोक्यावर मोळी घेऊन आली. डोळे सुजलेले होते. मोळी अंगणात टेकवून ती तुळशीकडं गेली.

गुरुजी ओसरीवर खोळंबले होते. रामरावानं तिथूनच विजयमालेला मोळी सोडायला सांगितलं.

ती मोळीपुढं बसली. पानं निवडक होती, एकही किडलेलं नाही. दोरी पळसाच्या सालीची, ताजी, अजून ओली. तिचा हात गाठीवर गेला आणि तिथंच थांबला.

एक टोक ओढलं की सगळी सुटेल, अशी गाठ. फक्त ती ढिली पडली होती, आणि दोन्ही टोकांना सालीवर दात रुतल्याच्या खुणा होत्या. बोटं नसलेल्या माणसानं तोंडानं आवळावी, तशा.

तिनं मान वर केली. मनकर्णाबाई तुळशीपाशी उभी राहून ओल्या हातानं कुंकू पुसत होती आणि तिच्याकडंच बघत होती. मग ती जवळ आली, लेकीच्या कानाशी वाकली.

"हळू सोड," ती म्हणाली. "त्यायले बांधाले लय येळ लागला."